गुरुवारचं पोर

'आमचं कॉलेज' असं आम्ही म्हणतो, पण आमच्यापैकी एकानेही त्या कॉलेजात पाय ठेवलेला नाही. म्हणजे मैदानात ठेवलाय, वर्गात नाही. मैदानाच्या कडेला एक मातीचा बांध आहे. बारामतीत कबड्डीचा सामना असला की त्या बांधावर आम्ही बसतो. मार्केट यार्डातला टोमॅटोचा व्यापारी नागेश, एमआयडीसीतल्या दूध डेअरीत मशीनवर काम करणारा दादासो आणि निवृत्तीनंतर घरात अडचण व्हायला लागलेले माझ्यासारखे दोन-चार जण. प्रवेश फुकट, सल्ला फुकट, शिव्याही फुकट.

तीन वर्षांपूर्वी संघाचे सर एकदा बांधावर आले. संघातली निम्मी पोरं इंदापूर तालुक्यातली, हॉस्टेलवर राहणारी. मेसच्या आमटीत ताटलीचा तळ दिसायचा. जेवून उठलेलं पोर हात धुईपर्यंत पुन्हा उपाशी व्हायचं. सर म्हणाले, "तुमच्या ओरडण्यानं पोरांच्या मांड्या भरत न्हाईत. एकेक पोर वाटून घ्या. आठवड्यातनं एक वार जेवू घाला."

पूर्वी शिकायला आलेली पोरं वार लावून जेवायची, आज ह्या घरी, उद्या त्या घरी. आमच्या बापजाद्यांनी ती पोरं पाहिली होती. तीच रीत सरांनी कबड्डीला लावली. बांधावरची गर्दी एकदम निम्मी झाली. उरलेल्यांनी वार घेतले. नागेशनं बुधवार घेतला. त्याच्या वाट्याला संघाचा मुख्य चढाईपटू आला आणि बुधवारी त्याच्या घरी मटण शिजायला लागलं. दादासोची सुट्टी गुरुवारची, म्हणून त्यानं गुरुवार घेतला. त्याच्या वाट्याला कळस गावचा संदेश आला.

संदेश डावा कोपरा. डावा कोपरा म्हणजे चढाईला आलेल्याचा घोटा धरून त्याला आडवा पाडणारा. टाळ्या चढाई करणाऱ्याला मिळतात, मार डाव्या कोपऱ्याला. संदेशचा बाप म्हस्कू पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचा. आता कळसला डाळिंबाची बाग करतो. पोरगं उंच, काटक आणि इतकं बारीक की चड्डी नाडीपेक्षा हाडांवरच जास्त टिकलेली वाटायची.

पहिल्या गुरुवारी दादासो त्याला बोलवायला मोटरसायकल काढून निघाला, तर त्याच्या बायकोनं, सारजानं, त्याला दारातच अडवलं.

"कुठं निघाला?"

"पोराला जेवाय बोलवून आणतो."

"वाराच्या पोराला बोलवायचं नसतं," सारजा म्हणाली. "बोलवलं की पाव्हणा झाला. पाव्हणा येतो, गोड बोलतो, जातो. घरचा असंल तर त्याचा तो यील."

सारजाला हे तिच्या माहेरी, इंदापूरला, तिच्या आजोबांनी सांगितलं होतं. दादासोनं मोटरसायकल परत लावली. पोरगं साडेसातला आलं आणि दारात उभं राहिलं. सारजा आतून म्हणाली, "उशीर केलास. जा, कोपऱ्यावरनं तेलाची पिशवी आण, मग बस." संदेश चप्पल न काढताच माघारी तेल आणायला पळाला. त्या दिवसापासून तो त्या घरचा झाला. मग त्याला कुणी कधी बोलवलं नाही.

एकच अडचण होती. गुरुवार हा त्या घरात दत्ताचा वार. घरात अंडंसुद्धा चालायचं नाही. नागेश बांधावर मुद्दाम मोठ्यानं विचारायचा, "काय संदेश, काल काय, मेथी का?" आणि त्याचा बुधवारचा चढाईपटू पोट चोळून दाखवायचा. सारजानं महिनाभर कळ काढली. दूध वाढवलं, तूप वाढवलं, शेंगदाण्याची चटणी डब्यानं वाढली. पोराच्या पिंडऱ्या काही भरेनात. शेवटी तिनं मागच्या पडवीत वेगळी चूल मांडली. देवाकडं पाठ करून चार अंडी उकडली आणि मग दत्ताला समजावून सांगितलं, "हे जिभंसाठी न्हाय. पायासाठी हाय." दत्तानं काही हरकत घेतल्याचं आढळलं नाही. त्या वर्षी संदेशनं विद्यापीठात सगळ्यांत जास्त पकडी केल्या.

दादासोला खेळाचा आनंद होत होता असं मात्र म्हणता येणार नाही. आनंद होणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो. सामना सुरू झाला की त्याचे ओठ सुकायचे. समोरचा चढाईला आला की बांधावर बसल्या बसल्या ह्याची बोटं आकडायची, शेजाऱ्याचा घोटा धरायची. माझा दोनदा धरलेला आहे. संदेशची पकड सुटली की दादासो उठून ओरडायचा, "भाकरी झोपून खाल्लीस का रं?" सगळं मैदान हसायचं. संदेशही मध्यरेषेकडं तोंड करून हसायचा आणि पुढची पकड करायचा. हरलो की दादासो डेअरीत दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही. पुढच्या गुरुवारी दोघं शेजारी बसून खाली मान घालून जेवायचे आणि सारजा न विचारता दोघांना वाढत राहायची.

"मीठ जास्त पडलंय काकी," संदेश म्हणायचा.

"तुझ्या आईला सांग."

"आई म्हणती, तुमीच बिघडवलाय."

अशी दोन वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षी एका बियाण्याच्या कंपनीनं आमचा संघ दत्तक घेतला. दत्तक हा त्यांचाच शब्द. पोरांना आईबाप होते, पण कंपनीनं त्याचा बाऊ केला नाही. सहा कॉलेजांची लीग सुरू झाली. खेळाडूंना दरमहा मानधन, बूट, ट्रॅकसूट, गुडघ्याचा विमा आणि मेसमध्ये आहारतज्ज्ञ. मातीवर मॅट आली. मॅटच्या बाजूला खुर्च्या आल्या. पोरांच्या छातीवर मक्याचं कणीस आलं.

ह्यात वाईट काही नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण बांधावर लगेच गळा काढणारे निघाले. म्हणाले, खेळातला जीव गेला, पोरं पैशाच्या मागं लागली. पोरांचं फुकट खेळणं आम्हाला फार आवडायचं. त्यांच्या आईबापांना ते तितकं आवडत नसावं, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मागच्या वर्षी संदेशचा खांदा निखळला तेव्हा त्याच्या खेळातला निर्मळपणा हाड बसवायला उपयोगी पडला नव्हता. म्हस्कूनं डाळिंबावर आगाऊ उचल आणून दवाखाना केला होता.

दादासोला तर इतका आनंद झाला की त्यानं डेअरीत पेढे वाटले. दुधाच्या डेअरीत पेढे वाटणारा तो पहिलाच. कॉलेजात समारंभ झाला, तिथं तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. पोरांच्या गळ्यात हार पडले. समारंभ संपल्यावर संदेश गर्दीतनं वाट काढत त्याच्याकडं आला आणि पाया पडायला वाकला. दादासोचा ऊर भरून आला होता. ऊर भरून आला की आमच्याकडची माणसं टोमणा मारतात. सरळ बोलायची सवय नाही.

दादासो म्हणाला, "आता काय बाबा, पगारवाला झालास. आता आमची भाकर कशाला गोड लागतीय तुला."

हे वाक्य आमच्याकडं अर्धंच असतं. उरलेलं अर्धं समोरच्यानं म्हणायचं असतं. 'असं कसं काका, तुमच्या भाकरीवर तर उभा हाय,' असं काहीतरी. मग बोलणाऱ्यानं त्याच्या पाठीत एक धपाटा घालायचा आणि विषय मिटायचा. लग्नात, बारशात, घर बांधल्यावर, पोरगं नोकरीला लागल्यावर, हेच चालतं. संदेशनं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात कंपनीच्या फोटोग्राफरनं त्याच्या दंडाला धरलं आणि कणसाच्या पोस्टरपुढं उभा करायला घेऊन गेला.

वाक्य तसंच अर्धं राहिलं.

पुढच्या गुरुवारी सारजानं चार भाकरी जास्त थापल्या. साडेसात झाले, आठ झाले. दादासो म्हणाला, "फोटोबिटो काढत असतील." साडेआठला दोघं जेवली. त्याच्या पुढच्या गुरुवारी दादासो म्हणाला, "नवा सराव लागलाय." त्याच्या पुढच्या गुरुवारी त्याला कारण सापडलं नाही.

"फोन करू का?" त्यानं विचारलं.

"काय म्हणून करणार? जेवाय ये म्हणून? आन मग पुढच्या गुरुवारी पुन्ना करणार?"

"तसं न्हाय, पर..."

"त्याला वाट ठावं हाय," सारजा म्हणाली. "यायचं असंल तर यील. पोटचं पोर असतं तर बोलवलं असतं का?"

ती स्वयंपाक मात्र पोराचा धरूनच करत राहिली. अंडीसुद्धा. उरलेलं सगळं दादासोला खावं लागायचं. त्या काळात त्याचं वजन वाढलं आणि डेअरीच्या डॉक्टरनं त्याला खाण्यावर ताबा ठेवायला सांगितलं. दादासोनं त्याला खरं कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी डॉक्टरकडं त्याला औषध नव्हतं.

इकडं बांधावरची हवा बदलली होती. नागेशनं आपला बुधवार स्वतःच बंद केला. "त्यांना आता आहारतज्ज्ञ हाय. मटणाचा खर्च कंपनीनं करावा," असं म्हणाला. पोराला तसं तोंडावर सांगून मोकळा झाला, पोरानंही हसून मान्य केलं, त्यांचं काही बिघडलं नाही. नागेशचं काहीच कधी बिघडत नाही. पण त्याच्या तोंडात आता यार्डाची भाषा आली. पूर्वी तो 'आपला पोरगा' म्हणायचा. आता म्हणायला लागला, "ह्यो डावा कोपरा एवढ्या भावानं घेतला, माल तसा निघंना. वरनं लाल, आतनं पोकळ."

"लिलाव काय तू बोललास का रं?" मी विचारलं.

"कणीसवाल्यांनी बोलला. पैसं कुणाचं का असंना. पैसं घेतलं म्हणल्यावर मालानं बोलायचं नसतं."

आम्ही हसलो. नागेश विनोदी बोलतो. पण एक गोष्ट लक्षात यायला लागली. पूर्वी पकड सुटली की आमच्या पोटात खड्डा पडायचा. आता पकड सुटली की आमची फसवणूक झाल्यासारखं वाटायचं. खिशातनं एक रुपया न देता फसवणूक झाल्याचं समाधान आम्हाला मिळायला लागलं होतं.

इंदापूरच्या कॉलेजविरुद्धचा सामना बारामतीतच होता. आमची आणि त्यांची जुनी चुरस. दादासो पाळी बदलून आला होता. संदेशला त्यानं समारंभानंतर जवळून पाहिलं नव्हतं. पोरगं भरलं होतं, आहारतज्ज्ञाचं काम चांगलं दिसत होतं. दादासो म्हणाला, "अंगानं सुधारला." दुसऱ्याच्या हातची सुधारणा त्याला बघवत नव्हती.

शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा दोन्हींचे गुण बरोबरीत होते. इंदापूरचा चढाईपटू डाव्या बाजूला आला. संदेश खाली वाकला. दादासोच्या बोटांनी माझा घोटा धरला. हे मला चांगलं आठवतं, कारण बऱ्याच दिवसांनी धरला होता. चढाईपटूनं बोनसच्या रेषेकडं पाय टाकला आणि संदेश झेपावला. एक क्षण आधी झेपावला. चढाईपटूनं पाय उचलला, संदेशच्या पाठीवरनं उडी मारली, जाता जाता आणखी एकाला शिवला आणि माघारी गेला. दोन गुण गेले.

दादासो उठला. त्याच्या तोंडात तेच जुनं वाक्य होतं, भाकरीचं. मी शपथेवर सांगतो, तेच होतं, कारण त्याची सुरुवातही तशीच झाली. पण भाकरी म्हणायला त्याच्याकडं आता भाकरी उरली नव्हती. किती तरी गुरुवार पोरानं त्याच्या घरचं खाल्लं नव्हतं. तोंडात जी जागा रिकामी झाली होती तिथं नागेशची पैशाची भाषा येऊन बसली.

"पगार झोपून खातोस का रं?" दादासो ओरडला.

मैदान हसलं. पूर्वीपेक्षा मोठ्यानं हसलं. खुर्च्यांवरचे लोकही वळून हसले.

संदेश गुडघ्यावरनं उठत होता. त्यानं आवाज ओळखला. बांधाकडं पाहिलं आणि मान हलवली, एकदाच, खाली. रागानं नाही. डेअरीत सुपरवायझर काही बोलला की दादासो स्वतः जशी मान हलवतो, तशी. हो साहेब, चुकलं साहेब, अशी. मग बाहेर जाऊन बाकावर बसला.

दादासो खाली बसला. त्यानं माझा घोटा पुन्हा धरला नाही. सामना हरलो. नागेशनं त्याच्या पाठीवर थाप मारली, "बरोबर सुनावलास." दादासो म्हणाला, "व्हय."

पाच-सहा दिवसांनी म्हस्कू डाळिंबाचे क्रेट घेऊन मार्केट यार्डात आला. दादासोला हे नागेशकडनं कळलं. पहिली पाळी सुटल्यावर तो यार्डात गेला. म्हस्कू टेम्पोच्या सावलीत बसला होता. त्यानं सरकून जागा केली.

"तात्या, बरं हाय ना?" दादासोनं विचारलं.

"बरं हाय. पोराच्या पगारानं ठिबक नवं टाकलं." म्हस्कूनं एक डाळिंब फोडून निम्मं त्याच्या हातात दिलं. थोड्या वेळानं म्हणाला, "त्ये तुमचं गुरुवारचं काय झालं दादासोराव?"

"यायचा बंद झाला."

"त्यो म्हणतो, बोलवत न्हाईत."

"वाराच्या पोराला कुठं बोलवतेत तात्या?"

"मला ठावं हाय. मी वाड्यावस्त्यांवर जल्म काढला. ओळखीच्या वस्तीवर मेंढरं बसवाया गेलो तर आवतणाची वाट कोण बघतंय. पर त्याला कसं ठावं असणार? त्यो म्हणतो, काका सगळ्यांदेखत म्हणाले, आता आमची भाकर तुला गोड लागायची न्हाय. म्हंजी येऊ नको असंच झालं की, असं म्हणतो. दोन गुरुवार तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानापातूर आलता म्हणं. तितं बसायचा. कुणी हाक मारंना, मग जायचा माघारी."

दादासोच्या हातातलं डाळिंब तसंच राहिलं.

"आपलं बोलणं त्यास्नी उलगडत न्हाय," म्हस्कू म्हणाला. "आपुन उलटं बोलतो. पोरं सरळ शिकलीत."

त्या दिवशी घरी आल्यावर दादासोनं सारजाला सगळं सांगितलं. दुकानाचं सांगितलं तेव्हा ती उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. दुकान दारातनं दिसतं. मध्ये दोन घरं आणि एक लिंबाचं झाड आहे.

"तितं बसायचा?"

"व्हय."

"आन आपुन हितं भाकरी झाकून बसलेलो."

ती माघारी आत आली. मग म्हणाली, "आवतण द्या त्याला."

"तूच म्हणायचीस, बोलवलं की..."

"ठावं हाय मला मी काय म्हणायची. पाव्हणा तर पाव्हणा. पर त्याला दुकानावर बसवून कसं जेवायचं माणसानं?"

दादासोनं फोन लावला. तिकडनं लगेच उचलला गेला.

"संदेश, गुरुवारी जेवाय ये बरं का. काकीनं सांगितलंय."

"येतो की काका." आवाजात आनंद होता, खोटं कशाला बोलू. मग पोरानं विचारलं, "किती वाजता येऊ?"

दादासोनं फोन कानापासून लांब धरला आणि बायकोकडं पाहिलं. तिनं ऐकलं होतं.

"साडेसातला ये," तो म्हणाला.

गुरुवारी सारजानं पुरण घातलं. भाकरी करावी का, असं दादासोनं विचारून पाहिलं. ती म्हणाली, "आवतण दिलंय. आवतणाला भाकरी करतेत का?" बाहेरच्या खोलीत टेबल आलं. ते माझ्या घरनं गेलं, म्हणून मीही तिथं होतो. दादासो म्हणाला, "तुमी पण थांबा, बोलायला माणूस हवं." त्या घरात त्या पोराशी बोलायला माणूस लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

बरोबर साडेसातला संदेश आला. नवा शर्ट, हातात मिठाईचा बॉक्स. बूट काढून एकाशेजारी एक नीट लावले. दोघांच्या पाया पडला, माझ्याही पडला. "या, बसा," असं दादासोच्या तोंडून निघून गेलं. मग तो लाजून म्हणाला, "बस, बस." संदेश खुर्चीवर बसला. आतून काकीचा आवाज येत होता, पण तो आत गेला नाही. पाण्याचा तांब्या समोर आणून ठेवला तेव्हा थँक्यू म्हणाला.

जेवताना दादासोनं विषय काढायचा प्रयत्न केला. सरळ बोलायचं होतं. त्याला ते जमत नव्हतं, तरी त्यानं केलं.

"त्या दिवशी समारंभात मी बोललो, ते आपलं उगं रं. तसं म्हणायची रीत असती."

"असू द्या की काका. मी काय मनाला लावलं न्हाय."

"आन मैदानावर..."

"त्ये बरोबरच हुतं," संदेश मनापासून म्हणाला. "पैसं घेतो म्हणल्यावर लोक बोलणारच. आमच्या सरांनी पण सांगितलंय, प्रेक्षकांचा राग समजून घ्यायचा. तुमी पैल्यापासनं येताय. तुमचा तर हक्कच हाय."

"तसं न्हाय रं," दादासो म्हणाला. त्यानं पोराच्या ताटात तूप वाढलं.

"बास काका, चार्टमध्ये तूप कमी हाय."

सारजा गरम पोळी घेऊन बाहेर आली. "कशी झालीय?" तिनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्या पोराला हे विचारलं असेल.

"लई छान झालीय काकी."

ती उभीच राहिली. आणखी काहीतरी येईल म्हणून थांबली होती. गूळ जास्त झालाय, कड जाड राहिलीय, आईची अशी नसते, काहीही. संदेश हसून तिच्याकडं बघत होता. चांगलं पोर आहे ते. सगळं खरं बोलत होतं.

"आणखी एक घे," ती म्हणाली.

"न्हाय, खरंच बास. पोट भरलं."

तिनं पोळी परत आत नेली.

जाताना त्यानं खिशातनं एक पास काढून दादासोच्या हातात दिला. लीगचा अंतिम सामना, पुढच्या रांगेतली खुर्ची. "बांधावर उनात कशाला बसता काका. खेळाडूच्या माणसांना दोन पास मिळत्यात. एक आबांना दिला, एक तुमच्यासाठी ठेवला."

आबा म्हणजे म्हस्कू. पोरानं आपल्या बापाच्या बरोबरीनं दादासोला धरलं होतं. ह्यापेक्षा जास्त ते काय करणार होतं? दादासोनं पास दोन्ही हातांनी घेतला. पुढच्या गुरुवारी ये, असं म्हणावं का, ह्याचा विचार त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. सारजाही दारात येऊन उभी होती. दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. संदेश बूट घालून म्हणाला, "येतो काकी. कधी बोलवलं तर नक्की येईन."

अंतिम सामन्याला दादासो पुढच्या रांगेत बसला. म्हस्कूच्या बागेत फवारणी होती, तो आला नाही, त्याची खुर्ची रिकामी राहिली. आम्ही बांधावरनं दादासोची पाठ बघत होतो. त्याला गार पाण्याची बाटली दिली गेली. तो पाठ टेकून, मांडीवर हात ठेवून बसला होता. समोर पुन्हा इंदापूरच होतं. संदेश झकास खेळला. एक पकड तर अशी केली की नागेशसुद्धा उठून उभा राहिला. दादासोनं टाळ्या वाजवल्या. नंतर इंदापूरच्या पोरानं दोघांच्या वरून उडी मारून गुण नेला, त्यालाही दादासोनं टाळ्या वाजवल्या. बांधावर आमची तोंडं उघडी राहिली.

सामना आम्ही जिंकलो. येताना तो माझ्या मागं मोटरसायकलवर बसला. एमआयडीसीचा फाटा आला. मग तोच म्हणाला, "पुढनं सगळं दिसतं. पाय कुठं पडतो, हात कुठं जातो, समदं. बांधावरनं आजवर मला खेळ दिसलाच नव्हता."

"मग मजा आली असंल."

"आली की," दादासो म्हणाला.

घरासमोर त्याला सोडलं. सारजा दारातच शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली.

"कसं झालं?"

दादासोनं चप्पल काढली, पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाला, "चांगलं झालं. दोन्ही बाजूंनी चांगला खेळ झाला."

सारजानं सूप खाली ठेवलं. हात पदराला पुसत उठली, नवऱ्याजवळ गेली आणि त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

ताप नव्हता.